चूल तंबूपासून किती लांब?

दिवाळी आटोपली की माझ्या नावानं येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. फराळ मागे पडतो आणि सहली सुरू होतात. इंदूरच्या एका शाळेच्या हिवाळी शिबिरांचा स्वयंपाक मी सत्तावीस वर्षं सांभाळला. दरवर्षी पाच-सहा रात्री, साठ-सत्तर मुलं, उघड्यावर चूल. त्यामुळे तंबूचे प्रश्न वाचक हक्कानं माझ्याकडे पाठवतात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न आणखी पाच-सहा जणांनी विचारला आहे.

*काकूंना सप्रेम नमस्कार. नाताळच्या सुट्टीत चोरलजवळ ओळखीच्यांच्या शेतावर दोन रात्री तंबू टाकून राहायचं ठरवलंय. मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. तंबू चार जणांचा आहे, पुढे छोटा पोर्च आहे. कॅसेट गॅस स्टोव्ह नवा घेतलाय. आईला पहाटे उठल्या उठल्या चहा लागतो आणि बाहेर गारठा असणार. पोर्चमध्ये चेन उघडी ठेवून चहापुरता स्टोव्ह लावला तर चालेल का? नसेल तर नेमका कुठे ठेवायचा? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर*

पोर्चमध्ये नको. चहापुरताही नको. तुमच्या आईंना पहाटेचा चहा मिळायलाच हवा, त्याची सोय पुढे सांगते. पण आधी हे 'नको' मनात पक्कं करा.

पोर्च म्हणजे तंबूची ओसरी. घराच्या ओसरीवर शेगडी पेटवली तर मागचं दार असतं. तुमच्यासारख्या लहान तंबूला बहुतेक एकच दार असतं, आणि तुम्ही नेमका त्याच दारात जाळ करणार. आत तीन माणसं पांघरुणात, त्यातलं एक वयस्कर, एक लहान. पातेलं कलंडलं, कापड पेटलं, तर त्यांनी बाहेर पडायचं कुठून? नायलॉन साधारण २२० अंशांना वितळायला लागतं, पॉलिस्टर त्याहून थोडं वर, आणि गॅसची ज्योत हजार अंशांच्या कितीतरी पुढे असते. हे कापड वितळत जळतं, त्याचे थेंब अंगावर पडतात आणि कातडीला चिकटून बसतात. दुकानात 'आग न पकडणारं कापड' असं सांगितलं असेल, तर त्यानं फार तर आग पसरायला उशीर होतो. ज्योतीसमोर तेही टिकत नाही.

दुसरं कारण न दिसणाऱ्या विषारी वायूचं. ते खाली ग्वाल्हेरच्या पत्राला उत्तर देताना सविस्तर लिहिलंय, पण गॅसच्या स्टोव्हलाही ते तितकंच लागू आहे, म्हणून तेही वाचा. चेन उघडी ठेवल्यानं काम भागत नाही. वाऱ्याची दिशा फिरली की तोच वायू बाहेर जायचा सोडून आत ढकलला जातो.

हिमालयात गिर्यारोहक पोर्चमध्ये स्टोव्ह लावतात असं तुमचा मित्र सांगेल. लावतात. बर्फाच्या वादळात बाहेर उभं राहता येत नाही आणि पिण्याचं पाणीसुद्धा बर्फ वितळवूनच मिळवावं लागतं, म्हणून धोका पत्करून, हवा खेळती ठेवून लावतात. आपल्या माळव्यात डिसेंबरची रात्र सहा-सात अंशांपर्यंत उतरली तरी शाल गुंडाळून बाहेर बसता येतं. तो धोका घ्यायची आपल्याला गरजच नाही.

आता जागा. दिवस असताना पोहोचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वयंपाकाची जागा अंधारात निवडली तर ती चुकतेच, कारण अंधारात माणूस उजेडाकडे म्हणजे तंबूकडे सरकतो. आधी तंबूची जागा ठरवा, मग मूठभर सुकं गवत कुस्करून डोक्याच्या उंचीवरून सोडा. ते ज्या बाजूला उडेल त्या बाजूला, तंबूपासून निदान दहा पावलं मोजून, स्वयंपाक मांडा. स्टोव्हला माझा हिशोब दहा पावलांचा, लाकडांच्या चुलीला वीस. ठिणगी स्टोव्हमधून उडत नाही, लाकडातून उडते, आणि तंबूच्या कापडाला बारीक भोक पाडायला एक ठिणगी पुरते.

मात्र हा वारा दुपारचा आहे. चोरलसारख्या डोंगरउताराच्या भागात दिवसा तापलेली हवा उतारावरून वर चढते आणि सूर्य मावळल्यावर गार हवा जड होऊन खाली उतरते. म्हणजे चारला जो वारा दरीकडून येत होता तो सातला डोंगराकडून येतो. एका वर्षी जानापावच्या पायथ्याशी मी चूल दुपारच्या वाऱ्यानं मांडली आणि रात्री सगळा धूर मुलींच्या तंबूत गेला. साठ पोळ्या झाल्या होत्या, तीस राहिल्या होत्या. चूल विझवून सगळं सामान पलीकडे न्यावं लागलं. तेव्हापासून जागा दोन्ही वाऱ्यांत चालेल अशी बघते: तंबूच्या रेषेत वर-खाली न ठेवता आडव्या बाजूला. आणि अंधार पडताना पुन्हा एकदा गवत उडवते.

जमीन सपाट हवी आणि उघडी, मातीची. डिसेंबरात गवत सुकलेलं असतं. काळ्या मातीला भेगा असतील तर त्यांत स्टोव्हचा पाय रुततो. मी स्वयंपाकघराच्या फरशीतून उरलेला कोटा स्टोनचा दीड फुटी तुकडा बरोबर नेते. गाडीनं जाणार असाल तर हे ओझं काहीच नाही. त्यावर स्टोव्ह डगमगत नाही आणि खालचं गवतही तापत नाही.

आता तुमच्या कॅसेट स्टोव्हबद्दल, आणि हे घरातल्या बाईमाणसांनी जरूर वाचावं. या स्टोव्हला एका बाजूला झाकणाखाली गॅसची डबी आडवी बसते. आपण घरचा थालीपिठाचा मोठा तवा उचलतो आणि त्यावर ठेवतो. तवा बर्नरच्या बाहेर येऊन डबीच्या झाकणावर पसरतो. खालची उष्णता तव्याला आपटून बाजूला जाते, डबी तापते, आतला दाब वाढतो आणि डबी फुटू शकते. दोन बर्नरवर पसरेल एवढी मोठी कढई ठेवली तरी तेच. घरून निघण्याआधी स्टोव्हवर भांडं ठेवून बघा: भांड्याची कड झाकणाच्या वर जाता कामा नये. गेली तर ते भांडं घरीच राहू द्या. स्टोव्ह लावल्यावर पाच मिनिटांनी डबीच्या झाकणाला हात लावून बघा, चटका देत असेल तर बंद करा.

वाऱ्यानं ज्योत विझते म्हणून लोक स्टोव्हभोवती पत्रा किंवा पुठ्ठा गोल गुंडाळतात. तसं करू नका, त्यानंही डबीच तापते. वाऱ्याच्या एकाच बाजूला, हातभर अंतरावर, सामानाची पेटी आडवी ठेवा. तेवढा आडोसा पुरतो.

डब्यांत बहुतेक ब्यूटेन असतं आणि ते शून्याच्या जवळपास गेलं की वायूत बदलायला कुरकुरतं. पहाटे ज्योत बारीक येईल. त्या वेळी डबी निखाऱ्याजवळ किंवा दुसऱ्या स्टोव्हजवळ ठेवून 'गरम' करायचा मोह होतो, तो कटाक्षानं टाळा. लावायच्या आधी दहा मिनिटं शालीत धरून ठेवा, एवढ्यानं फरक पडतो. डबी बदलायची ती उघड्यावर, जवळ उदबत्ती, दिवा, विडी काही नसताना. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, खाली जमिनीलगत साचतो, म्हणजे तंबूत असेल तर नेमका झोपलेल्यांच्या तोंडाशी. डब्यांचा साठा तंबूबाहेर, सावलीत.

आता आईंचा चहा. रात्री शेवटचं काम म्हणून उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी गरम पाण्यानं विसळून घेतलात तर पहाटे पाचलाही पाणी चहाजोगं राहतं. आलं किसून, साखर आणि चहाची पूड कपात, दुधाची पावडर, वरून पाणी. आई पांघरुणात बसूनच पितील. खरा उकळलेला, दुधाचा चहा सूर्य वर आल्यावर, दहा पावलांवरच्या स्वयंपाकात.

आणखी एक. रात्री त्या दहा पावलांच्या मध्ये तंबूच्या ताणाच्या दोऱ्या येतात. गरम वरणाचं पातेलं घेऊन त्यात पाय अडकला तर काय होतं ते मी पाहिलंय. प्रत्येक दोरीला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधा, टॉर्चच्या उजेडात चमकते. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही. त्यासाठी पाण्याची एक बादली स्वयंपाकाशेजारी भरलेली हवीच, ती भांडी घासायला वापरायची नाही.

*माननीय काकू, आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी जानेवारीत शिवपुरीकडे दोन रात्री तंबूत राहणार आहोत. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. स्वयंपाक बाहेरच होईल. पण जेवणं झाल्यावर निखारे सिगडीत भरून तंबूत ठेवले तर? धूर संपल्यावरच आत घेऊ आणि चेन थोडी उघडी ठेवू. — एक ज्येष्ठ वाचक, लष्कर, ग्वाल्हेर*

आपण वयानं माझ्या बरोबरीचे असाल, म्हणून हात जोडून लिहिते: हे करू नका.

१९९६ च्या जानेवारीत मांडूच्या वाटेवर आमचा तळ होता. दाल-बाफल्यांचा बेत. इंदूरच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: बाफले आधी पाण्यात उकळून घेतात आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. गोवऱ्यांना आम्ही कंडेच म्हणतो. साठ मुलांचे बाफले म्हणजे निखाऱ्यांचा ढीग. मुलं झोपली. आम्ही तिघी शिक्षिका एका तंबूत, जाड कॅनव्हासचा, बूड मातीत दाबलेलं. कुणीतरी म्हणालं, एवढे निखारे वाया चाललेत. लोखंडी घमेल्यात भरून आत घेतले. धूर अजिबात नव्हता. लालबुंद, वर राखेची पातळ साय धरलेले निखारे. इतकं बरं वाटलं की आम्ही तळवे शेकत गप्पा मारत पडलो.

अर्ध्या-पाऊण तासानं माझं डोकं ठणकायला लागलं. शेजारच्या बाईंना मळमळत होतं. आम्हाला वाटलं तूप जास्त झालं. तिसरी तर गप्पांच्या मध्येच झोपली होती. मला उठून पाणी प्यायचं होतं आणि पाय उचलेना, इतके जड. शेजारच्या बाई ओकारी येते म्हणून कशाबशा दाराकडे सरकल्या आणि दोरीत अडकून अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत पडल्या. दार त्यांच्या अंगानं उघडं राहिलं. गार हवा आत आली आणि मला दोन मिनिटांनी कळलं की काहीतरी भलतंच झालंय. तिसरीला आम्ही दोघींनी बखोटीला धरून ओढून बाहेर काढलं. ती हलवून जागी होत नव्हती. उघड्यावर बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. त्या बाईंना ओकारी आली नसती तर हे पत्र मी लिहीत नसते.

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. लाकूड, कोळसा, गोवरी, गॅस, रॉकेल, काहीही पुरेशा हवेविना जळलं की तो होतो, आणि धूर संपलेल्या निखाऱ्यातून तर भरपूर निघतो. म्हणून 'धूर संपल्यावर आत घेऊ' हा आपला बेत उलटा पडतो: धुरानं माणूस निदान खोकत बाहेर तरी पळतो. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. श्वास चालू असतो, पण रक्तातून प्राणवायू पोहोचत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि मग झोप. ती झोपच घात करते. चेन चार बोटं उघडी ठेवल्यानं भरवसा येत नाही. थंडी वाजली की झोपेत कुणीतरी ती लावतंच. बंद खोलीतही हेच होतं. आपल्या उत्तरेकडच्या भागात दर हिवाळ्यात सिगडी लावून झोपलेल्या घरांच्या बातम्या येतात, आपण त्या वाचल्या असतीलच.

एकाच तंबूतल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर जेवणाला दोष देऊ नका. सगळ्यांनी ताबडतोब उघड्यावर यायचं आणि १०८ ला फोन करायचा. बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवायचं.

ऊब हवी तर खालून घ्या. आपण अंगावर तीन रजया घेतो आणि खाली एक सतरंजी. गारवा जमिनीतून येतो, म्हणून जाड गोधडी अंगाखाली, तिच्याखाली गवताचा पेंढा किंवा फोमची चटई. कानटोपी, लोकरीचे मोजे. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी. आणि निखाऱ्यांभोवती बसायचं ते बाहेर, घोंगडी पांघरून. ग्वाल्हेरच्या जुन्या मंडळींच्या गप्पा तशाही उघड्यावरच रंगतात. झोपायला जाताना निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघा. वाळूनं झाकू नका. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगतो आणि सकाळी अनवाणी कुणीतरी त्यावर पाय देतं. जागा जंगलात असेल तर मुळात जाळाची परवानगी आहे का ते वनखात्याच्या नाक्यावर विचारा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, आणि सागाची सुकी पानं किती लवकर पेटतात ते आपण जाणताच.

*काकू, आमचा ग्रुप पावसाळ्यात पावागडच्या आसपास जातो. पावसात बाहेर स्वयंपाक कसा करायचा? गेल्या वेळी नाइलाजानं मोठ्या तंबूत केला होता. — वाचक, वडोदरा*

ताडपत्री. तंबूचा पैसा थोडा कमी करा, पण स्वयंपाकासाठी वेगळी ताडपत्री घ्या. चारी बाजू उघड्या, मध्ये इतकी उंच की उभं राहून हात वर केला तरी कापडाला लागू नये, आणि एका बाजूला उतार, नाहीतर पाण्याचा फुगा साचतो आणि नेमका फोडणीच्या वेळी कोसळतो. स्टोव्ह उंच बाजूच्या कडेला, मध्यभागी नाही. तळणं करू नका, उकळतं तेल आणि पाण्याचा थेंब यांची गाठ नको.

आणि नदीनाल्याच्या पात्रात स्वयंपाक मांडू नका. तिथली वाळू सपाट असते, दगडांचा आडोसा असतो, भांडी घासायला पाणी असतं, म्हणून मोह होतो. २०११ च्या जुलैत आमच्या इथे पाताळपाणीच्या धबधब्याला अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो, आपल्याकडे ऊन असतं. पात्रातले ओलसर गोटे चुलीलाही वापरू नयेत, आतलं पाणी तापून ते फुटतात.

वादळी पाऊस असेल तर एक जेवण रांधायचंच नाही, असं घरूनच ठरवून निघा. दशम्या, धपाटे, दहीपोहे, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे. मी निघताना एक दिवसाचं असं कोरडं खाणं वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतेच. ती पिशवी बरोबर असली की तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाइलाज येत नाही.

*काकू, मी सहावीत आहे. आम्ही तंबूत राहायला जाणार आहोत. मला स्वयंपाकात मदत करायची आहे पण आई म्हणते स्टोव्हजवळ यायचं नाही. मग मी काय करू? — एक मुलगी, रामबाग, इंदूर*

बाळ, आई बरोबर सांगते. आणि तुला कामंही पुष्कळ आहेत, अगदी महत्त्वाची.

घरून पांढऱ्या रांगोळीचा डबा घे. स्टोव्हची जागा ठरली की त्याच्याभोवती चार पावलांवर गोल रेघ काढायची, ते तुझं काम. आमच्या शिबिरांत मी हेच करायचे. रेघेच्या आत फक्त रांधणारी दोन मोठी माणसं. बाकी कुणीही, तुझे बाबासुद्धा, पळत किंवा खेळत रेघ ओलांडणार नाहीत हे तू बघायचंस. भाज्या चिरणं, कणीक मळणं, ताटं मांडणं सगळं रेघेच्या बाहेर, म्हणजे तुझ्या राज्यात. मळण्याआधी फ्रॉकची किंवा ओढणीची टोकं खोचून घे, केस बांध.

बादलीत पाणी आहे का ते दर थोड्या वेळानं बघणं हेही तुझ्याकडे. आणि संध्याकाळी दिवे लागणीच्या वेळेला मूठभर सुकं गवत उडवून वारा कुठून येतोय ते आईला सांग. तो तंबूकडे फिरला असेल तर स्वयंपाक हलवायला लाव. रांगोळी पुसून नव्या जागी पुन्हा काढावी लागेल, म्हणून डबा भरलेला ने.